निष्ठा कुणाशी?

नाना "छान आहे" म्हणाले, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

नाना म्हणजे माझे आजोबा, आईचे वडील. वाईला राहतात, वय ८४. सगळी नोकरी शाळेत गणित शिकवण्यात गेली. आयुष्यभर पेपर तपासलेला माणूस 'छान' म्हणत नाही, 'बरोबर' म्हणतो किंवा 'चूक' म्हणतो. 'छान' म्हणाला, की समजायचं तो उत्तर तपासत नाहीये, समोरच्या पोराचा चेहरा बघतोय.

मी त्यांना एक खोका करून दिला होता. बॅटरीवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर आणि एक स्पीकर, पेनड्राईव्ह आणि एफएम वाजवणाऱ्या पट्टीसकट. कारण घरगुती होतं. नाना रात्री टीव्हीवर जुनी नाट्यगीतं लावायचे आणि आवाज इतका मोठा ठेवायचे, की आजी आतल्या खोलीत कानात कापसाचे बोळे घालून झोपायची. शेजारच्यांनी दोनदा सभ्यपणे सांगून पाहिलं होतं. त्यात वीज गेली की टीव्ही बंद, मग नाना अंधारात नुसते बसून. आई म्हणाली, "तुला येतं ना ते सगळं, कर की काहीतरी." हे 'येतं ते सगळं' म्हणजे कॉलेजात असताना मी दोन-चार ॲम्प्लिफायर सोल्डर केले होते, त्यातला एक अजून चालतो.

ॲम्प्लिफायरचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. पीएएम ८४०३ नावाची चिप असलेली, टपाल तिकिटाहून फार मोठी नसलेली पट्टी मिळते. ती २.५ ते ५.५ व्होल्टवर चालते. लिथियमच्या सेलचं व्होल्टेज भरलेला असताना ४.२ आणि एरवी ३.७ च्या आसपास, म्हणजे थेट जोडता येते. १८६५० आकाराचे दोन सेल समांतर, सोबत संरक्षक सर्किट (हे वगळू नका, लिथियम चिडलं की चिडतं), आणि आवाजाला मोठं गोल बटण. बोटं थरथरतात त्यांची, त्यामुळे बटण मोठंच हवं.

खरा प्रश्न स्पीकरचा. ज्याला आपण स्पीकर म्हणतो त्यातला प्रत्यक्ष हलणारा भाग, म्हणजे कोन, कॉइल आणि चुंबक, याला ड्रायव्हर म्हणतात. १९२५ साली राइस आणि केलॉग या दोघांनी त्याची रचना मांडली आणि आजही तुमच्या बहुतेक स्पीकरांत जवळपास तीच असते. बाकी सगळं जग बदललं, हा कागदाचा शंकू तिथेच आहे.

मी तपकीर गल्लीत गेलो. तिथे पहिला प्रश्न येतो, "वॅट किती?" गल्लीत वॅट हा प्रामाणिक शब्द नाही. एका पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'पीएमपीओ' असं लिहून पुढे चार आकडी संख्या होती, आणि त्या खोक्याला जोडायचा अडॅप्टर होता १२ व्होल्ट, २ अँपिअरचा, म्हणजे २४ वॅटचा. चोवीसातून चार आकडी काढणं नानांच्या वर्गात जमलं नसतं. पण एक मान्य करायला हवं. या गल्लीत कुणी त्या आकड्यावर विश्वास ठेवत नाही, विकणारा नाही आणि घेणाराही नाही. ज्यावर कुणाचाच विश्वास नाही ते खोटं असतं का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

बॅटरीवरच्या खोक्यात वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा सेन्सिटिव्हिटीचा. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल ऐकू येतं, तो आकडा. छोट्या फुल-रेंज ड्रायव्हरांत तो ८२ ते ८६ असतो, मोठ्या कागदी कोनांत ९० च्या वर जातो. फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण डेसिबल हे लॉगचं माप आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते, दहा वाढवायचे तर दहापट. आणि ८३ डेसिबलचा ड्रायव्हर म्हणजे काय, तर १०० वॅट ओतले तर आवाज होऊन बाहेर पडतो साधारण एक-अष्टमांश वॅट. उरलेल्याची उष्णता होते. आपण ज्याला स्पीकर म्हणतो ती मुख्यतः एक शेगडी आहे आणि ती थोडंफार गाते.

हे सगळं माहीत असून मी काय घेतलं? तीन इंची, ४ ओहमचा, ८३ डेसिबलचा देखणा ड्रायव्हर. रबराची कडा, जड चुंबक, आणि सोबत आलेख. आलेख सरळ होता, टेबलावर ठेवलेल्या पट्टीसारखा. प्रत्येक स्वर जसा आला तसाच बाहेर, कमी नाही की जास्त नाही. त्याचे थील-स्मॉल आकडे मिळाले, म्हणजे कुठल्या मापाच्या खोक्यात तो किती खाली जाईल हे कागदावर काढता आलं. (नेव्हिल थील यांनी ही पद्धत १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात मांडली. बाहेरच्या जगानं तिची नीट दखल घ्यायला १९७१ उजाडलं, तिथल्या एका मोठ्या नियतकालिकात तो लेख पुन्हा छापून आला तेव्हा. दहा वर्षं उत्तर छापलेलं होतं आणि लोक अंदाजपंचे खोके बनवत होते.) मी दोन लिटरचा खोका केला, त्यात नळीही बसवली, आणि त्या एवढ्याशा डब्यातून तबल्याचा डग्गा असा घुमला की मी स्वतःवरच खूश झालो.

इथे एक नियम सांगायला हवा, तो पुढे लागेल. त्याला हॉफमनचा पोलादी नियम म्हणतात. हॉफमन म्हणजे अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या नावातला 'एच', आणि जोसेफ हॉफमन या मोठ्या पियानोवादकाचा मुलगा. नियम असा: खोल खर्ज, लहान खोका आणि थोड्या विजेत मोठा आवाज, या तीनपैकी दोनच मिळतील. कोणतेही दोन घ्या, तिसरं सोडा. आणि सूट अजिबात नाही. तितक्याच विजेत तितकाच आवाज ठेवून खर्ज एक सप्तक खाली न्यायचा असेल, तर खोका आठपट मोठा करावा लागतो. मी लहान खोका आणि खोल खर्ज घेतला होता. मोठा आवाज सोडला होता.

कुणासाठी सोडला होता, हा विचारच केला नाही.

नाना "छान आहे" म्हणाले. पंधरा दिवसांनी आजीनं फोनवर सांगितलं की टीव्ही पुन्हा सुरू झालाय, खोका देवघराशेजारी आहे, त्यावर तिनं क्रोशाचा रुमाल घातलाय.

मी चिडलो, हे खरं सांगतो. नानांवर नाही, 'अशा कानांवर'. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांच्यासाठी कशाला मेहनत, अशी एक घाणेरडी ओळ डोक्यात येऊन गेली. मग आईनं व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. नानांच्या कपाटात घडी घालून ठेवलेला, साताऱ्याला काढलेला ऑडिओग्राम. डॉक्टरांनी मशीन सुचवलं होतं. नानांनी ते चार दिवस घातलं आणि डबीत ठेवलं. भांड्यांचा आवाज असह्य होतो म्हणाले, आणि शिवाय 'ते दिसतं'.

ऑडिओग्राम म्हणजे कानाचा आलेख. डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. नानांची रेघ डावीकडे बऱ्यापैकी वर होती आणि २००० च्या पुढे घाट उतरावा तशी खाली गेलेली. वयानुसार कान असेच जातात, वरच्या स्वरांपासून. आता भाषेत काय कुठे असतं ते बघा. स्वरांची ताकद खाली असते; स, श, त, फ, ट, थ यांची ओळख वरच्या पट्टीत. त्यामुळे म्हातारी माणसं "ऐकू येत नाही" असं क्वचित म्हणतात, "ऐकू येतं पण कळत नाही" म्हणतात. 'साथ', 'हात', 'काठ' सगळं एकच, मधला आऽ तेवढा स्पष्ट. त्यात भर म्हणजे खालचा मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला झाकून टाकतो. माझा डग्गा छान घुमत होता, आणि घुमता घुमता शब्द पुसत होता.

म्हणजे मी अत्यंत प्रामाणिक स्पीकर बनवला होता, आणि तो नानांना अर्धवट सांगत होता.

'हाय-फाय' हा शब्द आपल्याकडे माणसांना लावतात, 'फार हाय-फाय आहेत ते'. मुळात तो हाय फिडेलिटी, उच्च निष्ठा. निष्ठा कुणाशी, हे त्या शब्दात कुठेच लिहिलेलं नाही. आपण गृहीत धरतो की मूळ आवाजाशी. पण मूळ कुठलं? नानांना 'कट्यार काळजात घुसली' मधली वसंतराव देशपांड्यांची पदं लागतात. ते नाटक १९६७ साली रंगभूमीवर आलं. नानांनी ते पुढच्या वर्षा-दोन वर्षांत पुण्यात पाहिलं, सगळ्यात मागच्या रांगेत बसून. त्यांचं मूळ म्हणजे ती रात्र, ती मागची रांग आणि सव्विशीतले कान. माझं मूळ म्हणजे पेनड्राईव्हवरची एक फाईल, कुणीतरी कॅसेटवरून उतरवलेली. माझा सरळ आलेख त्या फाईलशी एकनिष्ठ होता. नानांच्या वतीनं त्या फाईलला ओळखण्याचं मला काहीच कारण नव्हतं.

दुसरी फेरी. यावेळी गल्लीत एका कोपऱ्यातल्या दुकानात, जुन्या रेडिओतून काढलेल्या ड्रायव्हरांची पाटी होती. चार इंची, कागदी कोन, ८ ओहम, कडेलाही तोच कागद, घड्या घातलेला. आलेख वगैरे काही नाही, मागे पुसट शिक्का. असा ड्रायव्हर घ्यायचा तर तीन गोष्टी बघायच्या. दोन बोटांनी कोन हलकेच समान दाबायचा; खरखर आली तर कॉइल घासतेय, ठेवून द्या. मल्टिमीटरवर ८ ओहमचा ड्रायव्हर ६-७ ओहम दाखवतो. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलीय. आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून कोन बाहेर येतो की आत जातो ते पाहायचं, तेवढ्यावरून अधिक-उणे कळतं. ऐंशी रुपयांना मिळाला.

घरी दोन्ही एकाच व्होल्टेजवर वाजवून पाहिले. ८ ओहमचा ड्रायव्हर ४ ओहमच्या निम्मी वीज घेतो. तरी एक मीटरवर ठेवलेल्या फोनच्या ॲपनं जुन्याला चार डेसिबल जास्त दिले. फोन काही प्रयोगशाळा नाही, पण हिशेब केला तर वॅटमागे सात डेसिबलचा फरक होतो, म्हणजे पाचपट. आलेख मात्र वेडावाकडा. खाली जवळपास काहीच नाही, आणि २००० ते ४००० हर्ट्झच्या मध्ये मोठा उंचवटा. माझ्या कानांना तो आवाज कर्कश, पत्र्याच्या डब्यासारखा.

मग मी तो आलेख आणि ऑडिओग्राम फोनच्या पडद्यावर एकाखाली एक ठेवले. जिथे नानांची रेघ उतरत होती तिथे ही चढत होती. तंतोतंत नाही. पण दोन अनोळखी माणसांनी एका ओझ्याची दोन टोकं उचलावीत इतपत.

त्याच्या मालिकेत मी १०० मायक्रोफॅरडचा, अधिक-उणे नसलेला कपॅसिटर घातला. ८ ओहमबरोबर तो साधारण २०० हर्ट्झच्या खालचं कापत जातो. खर्ज गेला, की कोन फुकट हेलकावे खात नाही, बॅटरीही वाचते आणि शब्द मोकळे होतात. गाण्यातला खर्ज साफ नाहीसा होतो का? नाही, आणि हे मला या सगळ्यातलं सगळ्यात गमतीचं वाटतं. जुनी टेलिफोन लाइन ३०० हर्ट्झच्या खालचं जाऊच देत नसे, आणि पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर त्याच्या कितीतरी खाली असतो. तरी बाबांचा फोन आला तर तो बाबांचाच वाटायचा. वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरतो. नाना डग्गा ऐकणार होते, फक्त तो खोक्यातून नाही, त्यांच्याच डोक्यातून येणार होता.

माझ्या एका मित्रानं, जो केबलवर माझ्या भाड्याइतके पैसे घालवतो, हे ऐकून विचारलं, "म्हणजे तू त्यांना खराब आवाज चांगला म्हणून देणार?"

मी चष्म्याचं उदाहरण दिलं. नानांचा चष्मा मी घातला तर मला भिंती वाकड्या दिसतात, म्हणून तो चष्मा खोटारडा ठरत नाही. मित्र जरा थांबला आणि म्हणाला, "पण चष्मा घालणाऱ्याला आपण चष्मा घातलाय हे माहीत असतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ड्रायव्हर निवडणं हा आता प्रश्नच उरला नव्हता. नानांनी मशीन डबीत ठेवलं होतं, कारण त्यांना दुरुस्त केलेलं चालत नव्हतं. आणि मी तेच मशीन लाकडी खोक्यात घालून, रेडिओ म्हणून, त्यांच्या हातात देणार होतो. तेही त्यांच्या कपाटातला कागद त्यांना न विचारता वाचून. हेतू चांगला होता. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत चांगल्या हेतूनं काय काय केलं जातं हे आपण सगळे बघतो. चहात साखरेऐवजी गोळी घालण्यापासून ते घर विकल्याचं न सांगण्यापर्यंत एक सलग उतार आहे, आणि त्यावर रेघ नेमकी कुठे मारायची हे मला सांगता येत नाही. सांगितलं तर ते नाकारतील ही भीती खरी होती. पण नाकारण्याचा हक्क त्यांचाच होता, हेही तितकंच खरं.

तरी मी न सांगताच दिला. खोका या वेळी पलंगाशेजारच्या स्टुलावर, हाताच्या अंतरावर ठेवला. टीव्ही तीन मीटरवर होता. तीन मीटरवरून अर्ध्या मीटरवर आलं, की उघड्या मैदानात पंधरा डेसिबल फुकट मिळतात. खोलीत भिंतींमुळे कमी, पण मिळतात. जवळ बसण्याला वीज लागत नाही.

नानांनी बटण फिरवलं. पद सुरू झालं. ते काहीच बोलले नाहीत. मग हात वर करून मला गप्प बसायची खूण केली, मी बोलत नसतानाच. अर्ध्या पदानंतर म्हणाले, "हा शब्द असा आहे होय. मी वेगळंच धरून चाललो होतो." एवढंच. आजीनं त्या रात्री कापूस घातला नाही, हे तिनं मला सकाळी दोनदा सांगितलं.

मी निघायच्या आधी नानांनी स्क्रू-ड्रायव्हर मागितला. मागचं फळकूट उघडलं. त्यांना कळतं थोडंफार. एकेकाळी घरचा ट्रान्झिस्टर तेच दुरुस्त करायचे. सेल पाहिले, चिप पाहिली, मग चष्मा वर करून त्या कपॅसिटरवर बोट ठेवलं. "हा कंडेन्सर कशाला?"

"बॅटरी वाचते, नाना," मी म्हणालो.

लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवते ना, 'नरो वा कुंजरो वा'? आपण ऐकलेल्या गोष्टीत शेवटच्या शब्दावर शंख फुंकले जातात. द्रोणपर्वात मात्र धर्मराज तो शब्द स्वतःच अस्पष्ट पुटपुटतो. म्हणजे वाक्य पूर्ण खरं, फक्त एका शब्दाचा आवाज कमी केलेला. आणि म्हणे तोवर जमिनीच्या चार अंगुळं वरून चालणारा त्याचा रथ त्या क्षणी जमिनीला टेकला. माझ्या रथाला मुळात चाकंच नव्हती, मी वाईहून एसटीनं परतणार होतो. पण मीही तेच केलं होतं. बॅटरी वाचते हे शंभर टक्के खरं. आणि ते ऐकणारा माणूस, ज्याला वरचे शब्द कमी येतात म्हणून मी तो कंडेन्सर घातला, तो माझ्याकडे बघत होता.

"किती मायक्रोफॅरड?"

"शंभर."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं दोन ओळी लिहिल्या. दोन पाय, आठ, शंभर गुणिले दहाचा उणे सहावा घात. भागाकार केला. उत्तराखाली रेघ मारली. "एकशे नव्व्याण्णव," ते म्हणाले. "म्हणजे याच्या खालचं येत नाही." मग थोडा वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, असं आजही वाटतं. आणि काय बोलायचं होतं ते आजही सुचत नाही. त्यांनी फळकूट बसवलं, चारही स्क्रू घट्ट केले.

मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. घाटावर त्यांच्याबरोबर संध्याकाळी बसणारे एक मित्र आहेत, तेही निवृत्त शिक्षक. त्यांना असाच एक खोका हवाय, पैसे देतील.

"करतो," मी म्हटलं.

"ड्रायव्हर तसलाच बघ, कागदाचा. आणि तो कंडेन्सर घालच." मग आवाज खाली आणून, जसं काही ते मित्र शेजारीच बसले असावेत, "त्याला ऐकू जरा कमी येतं. पण सांगू नकोस, बॅटरी वाचते म्हण."